गालगुंड म्हणाले, पण गालातून पू निघाला

भांडुपची_आई:
मुलगा सात वर्षांचा. गणपतीला कुडाळजवळ गावी होतो, पोरं दिवसभर शेतातल्या चिखलात. मुंबईत आल्यावर ताप आणि डाव्या कानाखाली सूज. सासूबाईंनी गालगुंड म्हणून वेखंडाचा लेप लावला, पण गालगुंडाची एमएमआर लस तर दिलेली होती. अ‍ॅझिथ्रोमायसिनने फरक पडला नाही, कातडी लाल, चकचकीत झाली. शेवटी चिरा देऊन पू काढला. कल्चरमध्ये (पुवातले जंतू वाढवून करतात ती तपासणी) ‘स्यूडोमोनास स्पीशीज’ हा जंतू आला. डॉक्टर म्हणतात, बाहेरून मिसळलं असेल. ताप अजून आहे. काय करू?

परळची_लॅबवाली:
ताई, ‘बाहेरून मिसळलं’वर थांबू नका. मी मायक्रोबायॉलॉजीत आहे. रिपोर्टखालचा अँटिबायोटिक्सचा तक्ता बघा: जेंटामायसिन आणि कोलिस्टिनपुढे ‘आर’ (जंतू दाद देत नाही), पण अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हपुढे ‘एस’ (औषध लागू पडतं) आहे का? नेहमीचा स्यूडोमोनास अमॉक्सी-क्लॅव्हला दाद देत नाही आणि कोलिस्टिनला सहसा शरण येतो.

तसं असेल तर मेलिऑइडोसिसचा विचार व्हायलाच हवा. याचा जंतू, बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय, ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो आणि पावसाळ्यात खरचटलेल्या कातडीतून, तोंडावाटे किंवा श्वासातून शिरतो. रंगूनमधल्या रुग्णांवरून व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी 1912 मध्ये त्याचं वर्णन केलं. मोठ्यांत मधुमेह्यांना जास्त धरतो. थायलंडमधल्या धडधाकट मुलांत मात्र कानापुढच्या लाळग्रंथीतलं गळू हे त्याचं ओळखीचं रूप.

लॅबला आजच फोन करून जंतू वाढवलेली प्लेट टाकू नका म्हणा. काही दिवसांनी तिच्यावरचे ठिपके कोरडे, सुरकुतलेले दिसू लागतात. आणि संशय स्पष्ट सांगा. आमच्याकडे प्लेट हुंगायची सवय असते, हा जंतू हुंगणाऱ्याच्याही छातीत जाऊ शकतो.

उडुपीकर_ठाण्यात:
माझ्या भाच्याला हेच झालं होतं. आधी सेफ्टाझिडिम शिरेतून, दर आठ तासांनी, दोन आठवडे. मग कोट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या, तीन महिने. गाल बसला की घरचे म्हणतात, आता कशाला औषध? तिथे ठाम राहा, अर्धवट सोडलं तर उलटतं. पोटाची सोनोग्राफीही करून घ्या, यकृतात किंवा प्लीहेत गळवं असू शकतात.

भांडुपची_आई:
तक्ता अगदी तसाच आहे! लॅबने प्लेट ठेवली आहे. धाकटी त्याच्याच ताटात जेवते, तिला होईल का?

परळची_लॅबवाली:
माणसाकडून माणसाला जवळजवळ होतच नाही. जखमेचा पू मात्र उघड्या हाताने पुसू नका. तीही त्याच चिखलात खेळली असेल तर तिच्या तापाकडे लक्ष ठेवा. आणि आजच बालरोगतज्ज्ञांना तक्ता दाखवा, ताप असताना उद्यावर ढकलू नका.