राष्ट्रपतीवर महाभियोग: ‘घटनाभंग’ म्हणजे नक्की काय हो?

मालवा_मराठी: कलम ६१ मध्ये राष्ट्रपतीला काढायचं एकच कारण, घटनेचा भंग. बास. भंग म्हणजे काय ते कुठेच नाही. बाबासाहेब आपल्या महूत जन्मलेले, एवढा बारकाईचा माणूस, पण हे कलम मला तरी अर्धवट वाटतं. अमेरिकेत निदान देशद्रोह, लाच अशी नावं तरी घेतलीयेत.

छावनीचा_वकील: पूर्ण वाच ना भाऊ. पुढे ‘इतर गंभीर गुन्हे आणि गैरवर्तन’ आहे, त्या शेपटातच सगळा खेळ. १८६८ मध्ये तिथला राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने युद्धमंत्र्याला काढलं, तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, त्याचे हात बांधायलाच केलेल्या कायद्याविरुद्ध, म्हणून खटला, सिनेटमध्ये ३५ विरुद्ध १९, काढायला दोन तृतीयांश लागतात, एका मताने वाचला. यादी असून शेवटी मोजली मतंच ना? आपल्याकडे तर एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्या, १४ दिवसांची नोटीस, मग एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मतं, हजर असलेल्यांच्या नाही हं, आणि चौकशी करणाऱ्या दुसऱ्या सभागृहातही परत तेवढीच.

मालवा_मराठी: म्हणजे कारण ढगळ आणि वर दाराला कुलूप! २५ जून १९७५ च्या रात्री फखरुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीवर सही केली, मंत्रिमंडळाला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी. हा भंग की नाही?

छावनीचा_वकील: मंत्रिमंडळाने लेखी कळवलं पाहिजे ही अट १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने आली. आज कोणी तशी सही केली तर सरळ भंग. पट्टी बाकीच्या कलमांत आहे रे.

सराफा_रात्री_१२: वकीलसाहेब, सगळीकडे नाही हो. राष्ट्रपती झैलसिंगांनी संसदेने पाठवलेलं १९८६ चं पोस्टाचं बिल नुसतं ठेवून दिलं, ना सही ना परत. कलम १११ मध्ये मुदतच नाही, मग भंग कशाचा? आणि आपले इंदूरचे आमदार राष्ट्रपती निवडायला मत देतात, काढताना त्यांना कोणी विचारतच नाही, उलट राज्यसभेवर नेमलेले लोक निवडत नाहीत पण काढायला मत देतात. याचं काय करायचं?

मालवा_मराठी: बरोबर! म्हणून म्हणतो भंग कोर्टाने ठरवावा, दक्षिण कोरियासारखं. २०१७ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांना आठही न्यायाधीशांनी एकमताने घरी बसवलं.

छावनीचा_वकील: त्याच कोर्टाने २००४ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रो मू-ह्यून यांना परत खुर्चीवर पाठवलं. कायदा मोडला म्हणाले, पण काढण्याएवढा गंभीर नाही. हे ‘एवढा’ कुठल्या यादीत लिहिशील?

मालवा_मराठी: चला, यादी राहू दे. पण खासदार पक्षाकडे बघून मत देणार, न्यायाधीशाला निदान कारणं लिहून द्यावी लागतात, यावरून मी हलणार नाही.