मदत हवी आहे: सीटी स्कॅनवर कवटीतील शारीरभेद ओळखण्याची पद्धत

नमस्कार. मी सोलापुरात शरीररचनाशास्त्रात एमडी करत असून, प्रौढांच्या कवटीत टिकून राहिलेली मेटोपिक शिवण (कपाळाच्या हाडाच्या दोन भागांमधील, सहसा बालपणीच बुजणारा सांधा), वर्मियन अस्थी (शिवणींमध्ये आढळणारी लहान सुटी हाडे) आणि इंका अस्थी (कवटीच्या मागील हाडाचा वेगळा राहिलेला वरचा भाग) हे भेद सीटी स्कॅनवर तपासण्याचा विषय प्रबंधासाठी घेतला आहे. विभागातील सुट्या कवट्यांवर हे काम अधिक सोपे झाले असते. परंतु त्यांपैकी बहुतेकींचे वय व लिंग नोंदलेले नाही आणि स्कॅनसोबत ही माहिती मिळते. केवळ अभ्यासासाठी कोणालाही नव्याने किरणोत्सर्ग देणे योग्य नाही. त्यामुळे डोक्याला मार लागल्यावर पूर्वी काढलेले, पण फ्रॅक्चर न आढळलेले स्कॅनच नैतिकता समितीच्या मान्यतेने, रुग्णांची ओळख काढून वापरायचे आहेत.

मुख्य अडचण छेदांच्या, म्हणजे स्कॅनमधील एकेका कापाच्या, जाडीची आहे. जुन्या नोंदींत बऱ्याचदा ५ मिलिमीटरचेच छेद उरलेले असतात आणि त्यांत अरुंद शिवण आजूबाजूच्या हाडात मिसळून दिसेनाशी होते. म्हणून १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ, बोन कर्नलवर (हाडाच्या कडा ठळक दाखवणाऱ्या प्रतिमा-प्रक्रियेवर) घेतलेले स्कॅनच घ्यावेत असे मला वाटते, मग नमुना लहान राहिला तरी चालेल. हा निर्णय आपल्याला पटतो का?

थ्री-डी प्रतिमेबाबतही शंका आहे. थ्रेशोल्ड (किती घनतेपासून पुढे हाड धरायचे ती मर्यादा) वाढवला तर पातळ हाडात नसलेली छिद्रे दिसतात, कमी केला तर खरी शिवण बुजते. सर्व स्कॅनसाठी एकच आकडा ठेवावा, की थ्री-डी फक्त जागा शोधण्यासाठी वापरून निर्णय मूळ छेदांवरच घ्यावा? माथ्याजवळ आडवे छेद हाडाला जवळजवळ समांतर जातात, तेव्हा तेथे कोरोनल (समोरून पाहिल्यासारख्या उभ्या छेदांच्या) प्रतिमा पाहणे मी अनिवार्य धरले आहे. शिवण नागमोडी आणि फ्रॅक्चरची रेघ सरळ, हा नेहमीचा नियमही जपूनच लावावा लागतो, कारण कवटीच्या आतील बाजूने शिवण बरीच सरळ दिसते.

शेवटचा प्रश्न वर्गीकरणाचा. लॅम्डा बिंदूवरील (कवटीच्या मागे, बाजूची दोन हाडे मागील हाडाला मिळतात त्या जागेवरील) मोठा सुटा तुकडा इंका अस्थी म्हणून मोजावा की वर्मियन म्हणून? त्याची खालची कड दोन्ही बाजूंच्या ॲस्टेरिऑनपर्यंत (कानामागे तीन हाडे मिळतात त्या बिंदूपर्यंत) आडवी गेलेली असेल तरच इंका, असा निकष मी तूर्त ठरवला आहे. पण ती कड एकाच बाजूला पोहोचलेली असल्यास काय करावे, हे ठरत नाही. रेडिओलॉजीतील जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.