अवघड कोर्समुळे सरासरी बिघडते, तिची तुलना कशी करावी?

प्रश्न: ऑनलाइन गोल्फमध्ये बेथपेज ब्लॅकसारखा अवघड कोर्स (मैदान) निवडला की माझी फटक्यांची सरासरी (कमी तितकी चांगली) चढते, सोप्या कोर्सवरच खेळणाऱ्यांची मात्र कमी राहते. ही तुलना न्याय्य कशी?

उत्तर १: नुसत्या सरासरीवरून ती होऊच नये. प्रत्यक्ष गोल्फमध्ये एकूण फटक्यांतून कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूला त्या कोर्सवर साधारण लागणारे फटके) वजा करून उरलेल्या आकड्याला ११३ ने (प्रमाण स्लोपने) गुणतात आणि स्लोप रेटिंगने (निष्णाताच्या तुलनेत सामान्य खेळाडूला कोर्स किती अवघड जातो त्या आकड्याने) भागतात. त्यामुळे ७२ रेटिंग व ११३ स्लोपच्या कोर्सवरील ८० फटक्यांचे ८.०, तर ७५ रेटिंग व १४५ स्लोपच्या कोर्सवरील ८६ फटक्यांचे ८.६ होतात, म्हणजे खेळ जवळपास सारखाच.

उत्तर २: सहमत. मात्र वारा आणि ग्रीनचा (छिद्राभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीचा) वेग बदलला की तोच कोर्स अवघड होतो, म्हणून त्यांचीही नोंद ठेवावी.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. यापुढे प्रत्येक कोर्सची सरासरी वेगळी मांडेन.