अमेरिकेचा मध्यमवर्ग दुसऱ्या महायुद्धानं घडवला, की फक्त गोऱ्यांचाच घडवला?

निवांत_पाटील
परवा आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एकानं ठोकून दिलं की अमेरिका मोठी झाली कारण तिथलं सरकार कुणाच्या मध्ये येत नाही. मला हे अजिबात पटत नाही, आणि व्हॉट्सॲपवर हुज्जत घालायचा कंटाळा आला म्हणून इथे लिहितोय. स्वतःचं घर, दारात गाडी, शेतकऱ्याचं नाहीतर मजुराचं पोरगं कॉलेजात, ही जी अमेरिका आपल्या डोक्यात आहे ती 1941 नंतरच्या दहाएक वर्षांत सरकारी पैशानं उभी राहिली. 1940 साली बेकारी साडेचौदा टक्क्यांच्या आसपास होती, 1944 ला जेमतेम सव्वा टक्का. मग 1944 च्या जूनमध्ये जीआय बिल आलं. युद्धावरून परतलेल्या सैनिकाच्या कॉलेजची फी सरकार भरणार, वर्षाला 500 डॉलरपर्यंत, आणि त्या काळी त्यात हार्वर्डचीही फी बसायची! वर महिन्याचा खर्च, घराच्या कर्जाला सरकारी हमी. शिकागो विद्यापीठाचे प्रमुख हचिन्स बोंबलत होते की विद्यापीठं म्हणजे बेकार भटक्यांचे अड्डे होतील. झालं उलटंच, 1947 ला कॉलेजातला जवळजवळ निम्मा विद्यार्थी माजी सैनिक होता. बाविसेक लाख लोक यातून कॉलेजात गेले, आणि कारागिरीचं वगैरे शिक्षण घेणारे धरले तर पाऊण कोटीच्या वर. आता सांगा सरकार कुठे मध्ये आलं नाही ते.

खवचट
पाटील, अर्धी गोष्ट छान सांगितलीत. आता उरलेली अर्धी. हे बिल संसदेत ज्यांच्या हातून गेलं ते माजी सैनिक समितीचे अध्यक्ष होते दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्याचे जॉन रँकिन, पक्के वर्णद्वेषी, आणि त्यांनी आग्रह धरला की कारभार राज्यांच्या आणि गावातल्या लोकांच्या हातात राहिला पाहिजे. कागदावर कुठेही काळा-गोरा शब्द नाही हं. पण कर्ज देणारी बँक गावची, अर्ज बघणारा क्लार्क गावचा. 1947 ला मिसिसिपीत सरकारी हमीची तीन हजारांवर कर्जं निघाली, त्यातली काळ्यांना किती? दोन. दोनशे नाही, दोन.

आणि लेव्हिटाउन विसरलात का? न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर बटाट्याच्या शेतात 1947 पासून घरं उभी केली, दिवसाला तीस-तीस. एक टोळी फक्त पाया ओतणार, एक टोळी फक्त रंग मारणार, एक जण घरोघर नुसतं वॉशिंग मशीन बसवत जाणार. सैनिकाला हातचे पैसे न टाकता घर. आणि करारात कलम, की घरातल्या नोकराव्यतिरिक्त गोरा नसलेल्या कुणी तिथे राहायचं नाही. म्हणजे काळी बाई भांडी घासायला चालेल, शेजारीण म्हणून नाही. सरकारचं गृहकर्ज खातंही याच्या बाजूनं होतं, त्यांच्या नियमावलीत मिश्र वस्ती म्हणजे धोक्याची वस्ती. तुम्ही ज्याला मध्यमवर्ग म्हणताय ते एक कुंपण होतं.

जर्सीची_माई
दोघांच्याही पोस्टींत बायका कुठे आहेत ते शोधतेय, एक वॉशिंग मशीन आणि एक भांडी घासणारी सापडली 😄

युद्धात साठेक लाख बायका नव्यानं कामाला लागल्या, वेल्डिंग केलं, विमानं जोडली. सरकारनं त्यांच्या पोरांसाठी पाळणाघरांना पैसे दिले. म्हणजे बायकांनी काम करावं असं सरकारला मनापासून वाटलं तेव्हा पाळणाघरं काही महिन्यांत उभी राहिली, लक्षात घ्या. युद्ध संपलं आणि 1946 च्या सुरुवातीला केंद्राचे पैसे बंद. बहुतेक बायकांना काम सोडायचं नव्हतं, सरकारच्याच कामगार खात्याच्या पाहणीत तसं आलेलं आहे, पण घरी पाठवलंच. अमेरिकेत आजही पाळणाघराचा खर्च घराच्या हप्त्याएवढा येतो आणि आमच्यासारख्या आया हिशोब करत बसतात की नोकरी परवडते का.

दुसरं म्हणजे इन्शुरन्स. हे भूतही युद्धातलंच. 1942 ला सरकारनं महागाईच्या भीतीनं पगार गोठवले, कंपन्यांना माणसं तर हवीत, मग पगाराऐवजी आरोग्यविमा द्यायला लागले कारण तो पगारात धरत नव्हते. पुढे त्यावर कर नाही हेही पक्कं झालं. त्यामुळे आज नोकरी गेली की डॉक्टरही जातो. माझ्या नवऱ्याची गेली तेव्हा विमा चालू ठेवायचा महिन्याचा हप्ता बघून आम्ही आधी पोराच्या दातांची अपॉइंटमेंट रद्द केली. कुणी बसून ठरवलेलं धोरण नाही हे, युद्धातली एक पळवाट आणि ऐंशी वर्षं देश तिच्यावर चाललाय.

रेल्वेवाला
मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय, चालू द्या.

शशांक_डी
माफ करा पण सगळे मुख्य मुद्दा सोडून बोलताय. जर्मनी जपान बेचिराख, इंग्लंड कर्जात बुडालेलं, रशियाची अडीच कोटींवर माणसं गेलेली, आणि अमेरिकेच्या मुख्य भूमीवर एक कारखाना पडला नाही. अशा जगात अमेरिकन कामगाराचा पगार वाढणारच, जीआय बिल असो नसो. मध्यमवर्ग घडवला तो स्पर्धक नसल्यानं. सत्तरच्या दशकात टोयोटा आली आणि मोटारींच्या कारखान्यांच्या डेट्रॉइटचा फुगा फुटला, तेव्हा तुमचं सरकार कुठे गेलं होतं?

निवांत_पाटील
शशांकराव, स्पर्धक नव्हते म्हणून पैसा आला हे मान्य, पण आलेला पैसा कुणाच्या खिशात जाणार हे कुणी ठरवलं? पहिल्या महायुद्धानंतरही अमेरिका श्रीमंत झालीच होती की. तेव्हाच्या सैनिकांना बोनसचं नुसतं आश्वासन दिलं, ते 1932 ला वॉशिंग्टनमध्ये झोपड्या टाकून मागायला बसले तर लष्करप्रमुख मॅकआर्थरनं सैन्य घालून हुसकावलं, झोपड्या जळल्या. 1944 चं बिल या भीतीतूनच आलं, की दीड कोटी माणसं बंदूक चालवायला शिकून परत येणारेत, यांना परत झोपड्यांत बसवून चालणार नाही. दया नव्हती, धाक होता. मला त्याचं वाईटही वाटत नाही.

खवचट, तुमचा मुद्दा खोटा नाही पण तुम्ही 1947 वर थांबता. मेडगर एव्हर्स घ्या. मिसिसिपीचा काळा पोरगा, युरोपात लढून आला, 1946 ला भाऊ आणि मित्रांना घेऊन मत द्यायला गेला तर बंदुकवाल्या गोऱ्यांनी परत पाठवलं. तोच जीआय बिलावर कॉलेज शिकला आणि नागरी हक्काच्या चळवळीचा मिसिसिपीतला पुढारी झाला. युद्ध नसतं तर हे धाडस कुठून आलं असतं?

खवचट
आणि त्याच एव्हर्सला 1963 ला स्वतःच्या घराच्या दारात पाठीत गोळी घातली. घालणारा कोण, तर मरीनमधून पॅसिफिकमधल्या तारावाच्या लढाईत लढलेला गोरा माजी सैनिक. शिक्षा झाली 1994 ला. दोघांनाही एकाच युद्धानं घडवलं म्हणायचं का?

आयझॅक वुडर्ड नाव ऐकलंय? फेब्रुवारी 1946, सैन्यातून सन्मानानं सुटून काही तास झालेले, अंगावर गणवेश, बसनं घरी चाललेला. ड्रायव्हरला लघवीसाठी थांबायला सांगितलं त्यावरून वाद, साउथ कॅरोलायनात पोलीसप्रमुखानं दांडक्यानं दोन्ही डोळे फोडले. खटला चालला, सगळी ज्युरी गोरी, अर्ध्या तासात निर्दोष.

आडवा_प्रश्न
वुडर्डचं पुढचंही सांगा की. ते ऐकून राष्ट्राध्यक्ष ट्रुमन हादरला, त्याच वर्षअखेर नागरी हक्कांची समिती नेमली आणि जुलै 1948 ला सैन्यातला भेद संपवायचा हुकूम काढला. म्हणजे पाटलांचं आणि तुमचं भांडण एकाच माणसावर येऊन थांबतंय.

आपल्याकडे हे कुणी लांबून बघत नव्हतं असंही नाही. 1946 मध्ये बाबासाहेबांनी तिथले काळे विचारवंत दु बॉईस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या काळ्यांच्या वतीनं संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. त्याच वर्षी अमेरिकेनं भारतीयांना नागरिकत्व खुलं केलं, कोटा वर्षाला 100 माणसं. आख्ख्या हिंदुस्थानातून शंभर! तेही युद्धात मित्र हवे होते आणि जपान आशियाई लोकांना अमेरिकेचेच आशियाईविरोधी कायदे वाचून दाखवत होता म्हणून.

जर्सीची_माई
माझी नणंद हिक्सव्हिलला राहते, लेव्हिटाउनला लागूनच. तिथे आता देशी दुकानांची रांग आहे, संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही. मध्ये ती लेव्हिटाउनमधलं घर बघायला गेली होती, किंमत ऐकून आली तशी परत आली. पाटीलभाऊ, ते हातचे पैसे न टाकता मिळणारं कर्ज आताही कुठे मिळतंय का बघा जरा, कलमाशिवायचं.

रेल्वेवाला
माई, सैन्यात भरती व्हावं लागेल. नणंदेला विचारा.