मदत हवी आहे: रहिमतुल्ला सयानींचं १८९६ चं भाषण नागपुरात कुठे मिळेल?

वाचनकट्ट्यासाठी इस्माइली खोजा समाज (शिया मुस्लिमांमधला एक समाज) आणि राष्ट्रीय राजकारण यावर टिपण लिहून राहिलो. या समाजाचे धर्मगुरू तिसरे आगाखान १९३७ मध्ये लीग ऑफ नेशन्सच्या सभेचे अध्यक्ष झाले, गांधीजी १९४२ ते १९४४ पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते, हे सगळं मिळालं. पण सयानी, म्हणजे १८९६ च्या कलकत्ता काँग्रेसचे अध्यक्ष, ते पण खोजा, आणि आपल्याकडे त्यांचं नाव कोणी घेत नाही, याचं खरंच वाईट वाटते. नेटवर त्रोटक माहिती आहे, दोन वाचनालयांत विचारलं, नाही म्हणाले. बोहरा पण इस्माइलीच, पण सध्या फक्त खोजांबद्दल पाहिजे. मुंबईला जाणं जमणार नाही, इंग्रजी चालेल. तर पूर्ण भाषण असलेले काँग्रेसचे जुने अहवाल नागपुरात नेमके कुठे बसून वाचता येतील?