मदत हवी आहे : हळदीतील टर्मेरोनच्या हेडस्पेस चाचणीसाठी पाणी, डीएमएसओ, की द्रावकच नको?

नमस्कार. मी सांगलीतील एका लहान प्रयोगशाळेत मसाल्यांच्या तपासणीचे काम करतो. हरिपूरच्या पेवांचा (जमिनीखालच्या कोठारांचा) वापर मोडत आल्यापासून इथली हळद साठवणीसाठी बहुतांशी शीतगृहांत जाते. भावाची वाट पाहत वर्षभर भाडे भरलेल्या एका शेतकऱ्याने आम्हाला विचारले, की एवढ्या काळात माझ्या हळकुंडांचा वास किती उतरला? त्यांना अंदाज न सांगता खात्रीचा आकडा द्यावा असे मला मनापासून वाटते, पण तिथेच मी अडलो आहे.

हेडस्पेस चाचणीत नमुना बंद कुपीत तापवून त्यावर जमलेली वाफ गॅस क्रोमॅटोग्राफने तपासतात. २० मिलिलिटरच्या कुपीत भुकटी पाण्यात घालून ९० अंशांवर अर्धा तास ठेवली, तर सिनिओल आणि फेलँड्रीन हे हलके घटक स्वच्छ दिसतात; हळदीच्या वासाचा जड घटक असलेले आर-टर्मेरोन मात्र जेमतेम उमटते आणि एकाच नमुन्याच्या तीन कुप्यांचे आकडे जुळत नाहीत. डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड हे द्रावक) १८९ अंशांना उकळते, त्यामुळे ओव्हन १४० अंशांपर्यंत नेता आला. तरीही आलेखातले टर्मेरोनचे शिखर पाण्यातल्यापेक्षा खुजे निघाले.

मला कारण असे दिसते, की तेलकट टर्मेरोन डीएमएसओत सहज विरघळून राहते, म्हणजेच द्रवातील आणि वाफेतील संहतींचे गुणोत्तर, अर्थात विभाजन गुणांक, फार मोठा होतो. कुपीत २ ऐवजी ५ मिलिलिटर द्रव घेऊनही फरक पडला नाही, हेही त्याच्याशी जुळते. वाफेतील संहती ही विभाजन गुणांक आणि वायू-द्रव आकारमानांचे गुणोत्तर यांच्या बेरजेच्या व्यस्त प्रमाणात असते. ते गुणोत्तर ९ वरून ३ वर आले, तरी गुणांक ५०० असल्यास बेरीज ५०९ ची ५०३ एवढीच होते. गुणांक १ असता, तर संहती अडीचपट झाली असती.

पाणी मिठाने संपृक्त केल्यावर शिखर वाढले, पण कुप्याकुप्यांतली तफावत राहिलीच. टर्मेरोन पाण्यावर तवंग धरते किंवा काचेला चिकटते, असा माझा संशय आहे. शिवाय भुकटीतले तेल आणि स्टार्च त्याला धरून ठेवत असल्यामुळे शुद्ध पाण्यात केलेले प्रमाण द्रावण इथे तुलनेला चालणार नाही, त्यासाठी नमुन्यातच प्रमाण द्रव्य वाढवत जावे लागेल.

आता द्रावक सोडून पूर्ण बाष्पीभवनाची पद्धत करून पाहावी असे मनात आहे : २० मिलिग्रॅम भुकटी, त्यावर १० मायक्रोलिटर पाणी आणि १३० ते १५० अंश तापमान. एवढे पाणी कुपीत पूर्ण वाफ होते आणि भुकटीने धरलेले रेणू सुटायलाही मदत करते. भीती एकच आहे. आल्फा-टर्मेरोन हवेत टिकत नाही, त्याचे आर-टर्मेरोन होऊ शकते. मग आमच्या ओव्हनमध्येच तयार झालेले आर-टर्मेरोन आम्ही शेतकऱ्याच्या हळदीच्या नावावर मांडू आणि जुन्या हळदीचा उतार झाकला जाईल.

कुपीतली हवा नायट्रोजनने काढल्यास हे पुरेसे थांबते का? मीठ घातलेल्या पाण्यात थोडे मिथेनॉल मिसळून तवंग मोडल्यास आकडे स्थिर होतात, की मिथेनॉलमुळे टर्मेरोन पुन्हा द्रवातच अडकते? ज्यांनी जड सेस्क्विटर्पिनांवर असे काम केले आहे, त्यांनी तापमान, वेळ आणि आंतरिक प्रमाण म्हणून (तुलनेसाठी नमुन्यात ठरावीक मात्रेत घालून) वापरलेले द्रव्य कृपया कळवावे. आमच्याकडे ज्वाला आयनीकरण शोधक आहे, मास स्पेक्ट्रोमीटर नाही, आणि ट्रान्सफर लाइन (कुपीतली वाफ यंत्रात नेणारी नळी) १६० अंशांवर ठेवलेली आहे.