स्नो स्क्वॉलला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

बफलोकरीण:
काल दुपारी परत फोन बोंबलला, स्नो स्क्वॉल वॉर्निंग, म्हणजे वाऱ्यासकट अचानक येणाऱ्या बर्फाच्या छोट्या माऱ्याचा इशारा. आई सध्या इकडे अमेरिकेत, बफलोला आलीये, तिने विचारलं काय गं झालं, मी घाईत म्हणाले बर्फाचं वादळ येतंय. झालं, तिने टॉर्च शोधला, पाणी भरून ठेवलं, भाताचा कुकरही लावला आणि वीस मिनिटांत बाहेर लख्ख ऊन! "हेच का तुमचं वादळ?" चूक माझ्या शब्दाचीच. हिमवादळ म्हणजे ब्लिझर्ड, त्याला इथल्या हवामान खात्याची अट आहे की ताशी 35 मैलांचा वारा आणि पाव मैलाच्या आत दिसणं हे निदान 3 तास टिकायला हवं. स्क्वॉल बहुतेक वेळा तासाच्या आत निघून जातो. मग याला शब्द कुठला?

कोकण्या:
आपल्याकडे मच्छीमारांच्या इशाऱ्यात स्क्वॉल असतोच की, पेपरवाले 'सोसाट्याचा वारा' छापतात. नुसता झोत म्हणजे गस्ट, तो काही सेकंदांचा. वाऱ्याचा वेग एकदम 16 नॉटने (ताशी सुमारे 30 किमी) वाढून 22 च्या (ताशी सुमारे 40 किमी) वर गेला आणि मिनिटभर तरी टिकला तर आपलं हवामान खातं त्याला स्क्वॉल म्हणतं. म्हणून 'बर्फाचा सोसाटा'. सोसाटा हे नाम आहे हे लोक विसरलेत.

वऱ्हाडी पाहुणा:
'बर्फाची झड' कसं वाटतं?

कोकण्या:
अहो झड लागली की तीन तीन दिवस सोडत नाही, हे तर बरोब्बर उलटं झालं.

वऱ्हाडी पाहुणा:
हो राजेहो, चुकलं. मग वळीव! अचानक येतो, वारा घेऊन येतो, झोडपतो आणि गायब. आमच्याकडे म्हणतात बैलाचं एक शिंग भिजतं, दुसरं कोरडं. तुमच्याकडे तसंच होतं का?

बफलोकरीण:
अगदी तस्सं. इरी लेकच्या लांबीला धरून नैर्ऋत्येचा वारा सुटला की रडारवर एक चिंचोळा पट्टा दिसतो, तो दक्षिणेच्या गावांवर बसला तर तिकडे हात दिसत नाही आणि आमच्याकडे निळं आकाश. नोव्हेंबर 2022 मध्ये दक्षिणेकडच्या ऑर्चर्ड पार्कला 80 इंचांच्या आसपास बर्फ पडला, उत्तरेकडच्या भागात त्यामानाने काहीच नाही. अर्थात असा पट्टा एका जागी दिवसभर ठाण मांडून बसला तर त्याला स्क्वॉल म्हणणं कठीण, ते लेक इफेक्ट, म्हणजे तळ्याच्या पाण्यामुळे पडत राहणारं बर्फ. आणि वळवासारखं अजून एक म्हणजे कारण, तिथे उन्हाने तापलेली जमीन, इथे लेकचं त्यातल्या त्यात ऊबदार पाणी. पाणी आणि साधारण दीड किलोमीटर वरची हवा यांच्यात 13 अंश सेल्सिअसचा फरक पडला की ढग उसळायला लागतात, कधीकधी चक्क गडगडतं पण. लेक गोठला की हा खेळ बराच थंडावतो. पण सगळेच स्क्वॉल लेकचे नसतात, थंड हवेची आघाडी सरकते तिच्याबरोबरही येतात.

शब्दवेडा:
'हिमवळीव' ऐकायला छान आहे पण मला पटत नाही. वळीव म्हटलं की मातीचा वास, कैऱ्या, पोरं अंगणात. स्क्वॉल माणसं मारतो. मार्च 2022 मध्ये पेनसिल्वेनियात हायवे 81 वर एका स्क्वॉलमध्ये सुमारे 80 गाड्या एकमेकांवर आदळल्या, 6 जण गेले. इशाऱ्याच्या शब्दाने माणूस घाबरला पाहिजे. जाता जाता, आपलं हिव हे 'हिम'वरूनच आलं, हिवाळाही, पण अर्थ उरला फक्त थंडी. पडणारं बर्फ आणि फ्रीजमधलं बर्फ दोन्हीला एकच फारसी शब्द, तिथे स्क्वॉलला कुठून आणणार!

वऱ्हाडी पाहुणा:
वळवात वीज पडून माणसं मरतात साहेब, आमच्या शेतात येऊन बघा. कैऱ्या शहरात.

शब्दवेडा:
हे मात्र खरं. मागे घेतो.

बफलोकरीण:
मला वाटतं इशाऱ्याला 'बर्फाचा सोसाटा' आणि घरी बोलताना वळीव. आज परत वॉर्निंग आली तेव्हा आईला म्हटलं, बर्फाचा वळीव आहे. तिने खिडकीतून पाहिलं आणि म्हणाली, मग जावईबापूंना फोन करून सांग, सर जाईपर्यंत ऑफिसातून निघू नका. कुकर नाही लावला यावेळी.

कोकण्या:
नवऱ्याला पोचला का निरोप?

बफलोकरीण:
पोचला, पार्किंगमध्ये होता, परत वर गेला.